वाट सांगणारा

आषाढ पौर्णिमा, फोंडा

सकाळपासून पाऊस धरून आहे. सारनाथला बुद्धांनी पाच जणांना पहिला उपदेश केला तो याच पौर्णिमेला, म्हणून रात्री मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं गणक मोग्गल्लान सुत्त पुन्हा वाचायला घेतलं.

जन्मभर हिशेब लिहिल्यामुळे त्यातला मोग्गल्लान हा हिशेबनीस ब्राह्मण मला जवळचा वाटतो. तो बुद्धांना विचारतो, आम्ही शिकाऊ पोराला एकापासून शंभरापर्यंत क्रमाने मोजायला लावतो, तसं तुमच्या धर्मात काही आहे का? बुद्ध म्हणतात, आहे. आधी शील, मग इंद्रियांवर पहारा, मग जेवणात प्रमाण, मग जागरण, येता-जाता प्रत्येक हालचालीचं भान. ध्यान त्यानंतर.

जेवण ध्यानाच्या आधी येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज दुपारी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर होती. पोट भरलं होतं, तरी वाटीकडे हात गेला. भूक नव्हती, जिभेला हवं होतं. ते हवंपण उठताना दिसलं. जरा थांबलो, तर ओसरतानाही दिसलं. तृष्णा म्हणजे हे हवंपण आणि निरोध म्हणजे त्याचं शमणं, हे पुस्तकात किती वेळा वाचलंय, पण ताटावर बसून पाहणं वेगळंच.

पुढे मोग्गल्लान विचारतो, तुमचे सगळे शिष्य निर्वाणाला पोचतात का? बुद्ध म्हणतात, काही पोचतात, काही नाही. तो विचारतो, का बरं, वाट आहे, सांगणारे तुम्ही आहात! बुद्ध त्यालाच विचारतात, राजगृहाची वाट तुला ठाऊक आहे ना? तू सांगितल्यावर एक जण आडवाटेला लागला, दुसरा नीट पोचला, तर त्यात तू काय करणार? तथागत, म्हणजे बुद्ध स्वतः, वाट सांगणारा आहे.

आम्ही देवळात कौल लावून निर्णय घेत वाढलेली माणसं. तरीही हे उत्तर मला कठोर वाटत नाही. माझे पाय चालू शकतात, असा विश्वास त्यात आहे.

आपल्या गोव्यातल्या सांखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1899 साली घरातून निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले आणि 1902 मध्ये तिथे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, झाले. त्या धडपडीपुढे मी नतमस्तक आहे. पण मागे पत्नी होती, लहानगी मुलगी होती. माझी वाट घरातूनच जायला हवी, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि त्या बाईंनी ती वर्षं कशी काढली असतील, हा विचार दर वेळी मनात येतोच.