बोंबलाचं खुंट नकाशावर

नागपुरात विकास आराखड्याचे नकाशे रंगवण्यात माझी बावीस वर्षं गेली. निवासी भाग पिवळा, एकदा रंगवला की पिवळाच. त्यामुळे सागरी क्षेत्र नियोजनाबद्दल, म्हणजे समुद्राचा कोणता भाग कशासाठी वापरायचा हे ठरवण्याबद्दल, वाचायला लागलो तेव्हा आधी वाटलं, हेही तसंच असणार.

तसं नाही. समुद्राचा एकच तुकडा पृष्ठभागावर जहाजांचा, मधल्या पाण्यात मासळीचा आणि तळाशी केबलींचा असतो. पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ऋतूप्रमाणेही नकाशा बदलतो. पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये भारत-नॉर्वे सहकार्यातून असं नियोजन हाती घेतलं गेलं. माझं लक्ष मात्र आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे आहे.

परवा इतवारीतून सुके बोंबील आणले. आई डोकी खुडत होती, आणि मला डोल जाळं आठवलं. पालघरकडचे कोळी समुद्रात खुंट ठोकून ते बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाह जाळ्याच्या तोंडातून आत शिरतो आणि बोंबील मागच्या चिंचोळ्या टोकाला अडकतात. प्रवाह नाही तर मासळी नाही, म्हणून ते जाळं उचलून कुठेही लावता येत नाही. कोणाचं खुंट कुठे, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. कागदावर मात्र तिथे नुसता निळा रंग!

त्याच भागात वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. बंदर नकोच, असं मी म्हणत नाही. पण जहाजांचा मार्ग आखण्याआधी ते खुंट नकाशावर यायलाच हवेत, माशांच्या अंडी घालण्याच्या जागांसकट.