फाउंड्रीच्या पाळीत जर्मन : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी कास्टिंगच्या तपासणीचे काम पाहतो. आमचे काही ग्राहक जर्मन असल्यामुळे ती भाषा शिकायचे ठरवले. पण पाळीच्या नोकरीत ठरावीक वेळेचा वर्ग जमेना, म्हणून मोबाइलवरील अ‍ॅप घेतले.

सुरुवातीला प्रगती झपाट्याने होते आहे असे वाटते. शब्द पडद्यावर तयार असतात, ते क्रमाने लावले की वाक्य बरोबर ठरते आणि गुण वाढतात. तेच वाक्य कोऱ्या कागदावर लिहू गेल्यास मात्र हात अडतो, कारण समोरचे ओळखणे निराळे आणि मनातून आठवून मांडणे निराळे. रोजची साखळी तुटू नये म्हणून झोपण्यापूर्वी एखादा सोपा धडा उरकण्याला अभ्यास म्हणणे तर धाडसाचेच आहे.

खरी अडचण माध्यमाची होती. माझ्या अ‍ॅपमध्ये जर्मन इंग्रजीतून शिकावी लागे, आणि त्यामुळे मराठी माणसाला सोपे असलेलेही अवघड होऊन समोर येई. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो, जर्मनही तसेच म्हणतात. ‘डू’ आणि ‘झी’ यांतला फरक तू-तुम्ही म्हणणाऱ्याला शिकवावा लागत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ते तर आपल्या सवयीचेच. हे लक्षात आल्यावर मी नियमांची वही मराठीत घातली. लिंगे दोन्हीकडे तीन असली तरी जुळत नाहीत (त्यांची खिडकी नपुंसकलिंगी आणि दार स्त्रीलिंगी), म्हणून प्रत्येक नाम ‘देर’ (पुल्लिंगी), ‘दी’ (स्त्रीलिंगी) किंवा ‘दास’ (नपुंसकलिंगी) या लिंग दाखवणाऱ्या शब्दासकटच लिहीत गेलो.

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची ए1, म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीची, परीक्षा द्यायची ठरल्यावर बोलण्याचा प्रश्न उभा राहिला. उत्तीर्ण होण्यास 100 पैकी 60 गुण लागतात, आणि तोंडी भागात चिठ्ठीवरच्या शब्दावरून सोबतच्या उमेदवाराला प्रश्न विचारावा लागतो. अ‍ॅपने मला उत्तरे द्यायला शिकवले होते, विचारायला नव्हे. सुदैवाने आमच्याकडील एका सहकाऱ्याने पूर्वी जर्मन शिकली होती. रंकाळ्यावर फिरताना आम्ही एकमेकांना प्रश्न विचारू लागलो. तो माझ्याकडून नावाची अक्षरे पुन्हा पुन्हा म्हणवून घेई, कारण परीक्षेत तेही विचारतात आणि इंग्रजीला सरावलेल्या कानाला तिथे हमखास धोका असतो : ज्याला आपण ‘ई’ म्हणतो ते अक्षर जर्मनमध्ये ‘ए’, आणि आपला ‘आय’ तिथे ‘ई’.

परीक्षा उत्तीर्ण झालो. ए2साठी पाळी बदलून घेऊन वर्गात नाव घातले आहे, आणि अ‍ॅप आता शब्दांच्या उजळणीपुरते वापरतो.