पीजेपेक्षा तीन इंच अरुंद

पाचोरा स्टेशनावर ज्यांचे लहानपण गेले, त्यांना ब्रॉडगेज आणि नॅरोगेज यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. एका बाजूने मुंबई–भुसावळ मार्गावरच्या लांबलचक गाड्या फलाट हादरवत निघून जात आणि दुसऱ्या बाजूला जामनेरला जाणारी आमची नॅरोगेज ‘पीजे’ (पाचोरा–जामनेर) शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला निघाल्यासारखी सावकाश हलत असे. माझे वडील शेंदुर्णीच्या शाळेत शिक्षक होते. आईने लग्नानंतरची पहिली काही वर्षे या गाडीतून पत्र्याची पेटी आणि कडेवरचे मूल सांभाळत ये-जा केली. हे आधी सांगण्याचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेलो असताना त्याने वेल्समधल्या एका जुन्या वाफेच्या गाडीची सहल ठरवली, तेव्हा मी आणि पत्नी उत्सुकतेने निघालो होतो, तर आई मात्र ‘आता त्यात काय बघायचं’ अशा चेहऱ्याने निघाली होती.

भाऊ बर्मिंगहॅमला राहतो. तिथून वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाऊइन या गावी थेट रेल्वे जाते. मात्र ती वाटेत मखनथ्लेथ येथे दुभंगते, तिचे पुढचे आणि मागचे डबे वेगवेगळ्या दिशांना जातात आणि आपण कोणत्या डब्यात बसलो आहोत हे आधी पाहून घ्यावे लागते. आम्ही ते पाहिले नव्हते. आठ वर्षांच्या पुतण्याने डब्यातली पाटी वाचून ‘काका, आपण चुकीच्या अर्ध्या गाडीत आहोत’ असे जाहीर केल्यावर दशम्यांचा डबा, छत्र्या आणि आईची काठी घेऊन फलाटावरून जी धावपळ झाली, तिचे वर्णन मी टाळतो.

टाऊइन स्टेशनापासून पाच-सात मिनिटे चालले की टॅलिलिन रेल्वेचे व्हार्फ स्थानक लागते. (टॅलिलिन हे मी आपल्या सोयीसाठी लिहितो आहे. वेल्शमधल्या दुहेरी ‘ल’चा उच्चार दातांच्या कडेने हवा सोडत करायचा असतो आणि तिथे आपला ‘ळ’सुद्धा कामास येत नाही.) फलाटाला हिरव्या रंगाचे इंजिन लागलेले होते. ते धापा टाकत नव्हते, नुसते श्वास घेत होते. अधूनमधून खालून वाफेचा एखादा फुत्कार येई आणि फलाटावरची लहान मुले एक पाऊल मागे सरत. आई काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि मग घरच्या अहिराणीत म्हणाली, “हाई ते आपली पीजेच शे ना रे!”

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पीजेच्या रुळांमध्ये अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतर होते. इथे ते सव्वादोन फूट, म्हणजे ६८६ मिलिमीटर आहे. पीजेपेक्षा तीन इंच अरुंद! लांबी तर जवळपास पाचपट कमी: आमची गाडी ५६ किलोमीटर धावत असे, ही पावणेबारा किलोमीटरही धावत नाही. मी हे आकडे भावाला सांगितले तेव्हा माझ्या आवाजात थोडा अभिमान आला असावा, कारण तो म्हणाला, “दादा, पण ही चालू आहे.”

ही गाडी चालू का आहे, याची हकिगत मला स्थानकातल्या संग्रहालयात कळत गेली आणि त्यानंतर दिवसभर ती डोक्यातून गेली नाही. डोंगरातल्या ब्रिन एग्लुइस या खाणीतली पाटीच्या दगडाची (स्लेटची) फरशी किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी १८६५ मध्ये हा मार्ग बांधला गेला. पुढे खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेडन जोन्स यांच्याकडे आल्या. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली, तरी मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, असा शब्द त्यांनी दिला होता आणि पदरचे पैसे घालून तो पाळलाही. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात ही चिमुकली गाडी सरकारने घेतली नाही. १९५० मध्ये सर हेडन वारले, तेव्हा सगळा कारभार एकाच चालत्या इंजिनावर येऊन ठेपला होता, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले होते आणि कित्येक ठिकाणी रूळ जागेवर धरून ठेवण्याचे काम गवताची मुळे करत होती.

त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात काही मंडळी जमली. एल. टी. सी. रोल्ट नावाचे अभियंता-लेखक त्यांत पुढे होते. ही रेल्वे आपणच चालवू, असे या लोकांनी ठरवले, म्हणजे शब्दशः स्वतःच्या हातांनी. सर हेडन यांच्या पत्नीने रेल्वे त्यांच्याकडे सोपवण्याचा मोठेपणा दाखवला आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. ती पूर्ण मार्गभर गेलीच नाही. पहिले काही आठवडे ती रिडरोनेन या जवळच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येत असे, कारण पुढच्या रुळांचा भरवसा नव्हता. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली जतन-रेल्वे ती हीच. इंजिनांची अडचण मखनथ्लेथनेच सोडवली. तिथे कॉरिस नावाच्या बंद पडलेल्या शेजारच्या रेल्वेची दोन इंजिने उभी होती, त्यांचे माप नेमके सव्वादोन फूट होते आणि ती प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. ज्या फलाटावर आमची सकाळी धावपळ उडाली, त्याच गावची ती इंजिने आहेत हे कळल्यावर मला त्या गावाबद्दलचा राग सोडावा लागला.

संग्रहालयात पुतण्याचा मुक्काम मात्र वेगळ्याच दालनात होता. बोलक्या इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री यांची अभ्यासिका तिथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. सुरुवातीच्या काळात, १९५२ मध्ये, ते स्वतः या गाडीवर स्वयंसेवक गार्ड म्हणून काम करून गेले होते.

गाडीत बसताना एक गंमत लक्षात आली. डब्यांना एकाच बाजूने दारे उघडतात आणि सगळे फलाटही त्याच बाजूला आहेत. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले तेव्हा वाटेतले पूल इतके अरुंद निघाले की, डबा आणि भिंत यांच्यात दोन फुटांचीही जागा राहत नव्हती आणि गाडी पुलाखाली अडकली तर प्रवाशांना उतरता आले नसते. पूल पाडून पुन्हा बांधण्याऐवजी कंपनीने एका बाजूची दारे कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ थोडे बाजूला सरकवले, म्हणजे निदान एका अंगाला वाट राहील. दीडशेहून अधिक वर्षे ही तडजोड तशीच चालू आहे. आपल्याकडे ज्याला जुगाड म्हणतात आणि म्हणून नाक मुरडतात, त्याला तिथे वारसा म्हणून जपतात, एवढाच काय तो फरक. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या पाटीच्या खाणींचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही रेल्वेही आहे.

प्रवास तासाभराचा असेल. एका अंगाला मेंढ्यांची कुरणे, दुसऱ्या अंगाला दरी आणि गाडी बराच वेळ डोंगराच्या कुशीला धरून चढत राहते. डॉलगॉखला दरीवरचा तीन कमानींचा विटांचा पूल ओलांडला की लगेच थांबा येतो आणि इंजिन पाणी पिते. तिथे मी खाली उतरून फायरमनचे काम जवळून पाहिले. साठीच्या पुढचा माणूस असावा. इंजिनावर चढून त्याने टाकीचे झाकण उघडले, जाड पन्हळ ओढून तोंडात बसवली आणि पाणी सुरू झाल्यावर खालच्या माणसाकडे न पाहता नुसता हात वर केला. पाणी भरेस्तोवर तो स्वस्थ उभा नव्हता; कॉटन वेस्टच्या बोळ्याने पितळी नळ्यांवरचे ओघळ पुसत होता, एकदा पुसलेली जागा पुन्हा पुसत होता. मग त्याने भट्टीचे दार उघडून फावड्याने कोळसा टाकला. एका जागी ढीग नव्हे, तर मनगट वळवून एक फावडे डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या कोपऱ्यात, एक दारापाशी; भाकरीवर पाण्याचा हात फिरवताना आई जसा कडेकडेने फिरवते, तसे. त्याला विचारले तर म्हणाला की, निवृत्त झाल्यापासून वर्षातून काही आठवडे इथे येतो. फायरमन होण्याआधी त्याने किती वर्षे नुसती इंजिने पुसली, हे सांगताना तो हसला. इथे कोणीही आला की आधी साफसफाई, मग परीक्षा देऊन फायरमन आणि त्यानंतर जमले तर ड्रायव्हर, असाच क्रम आहे. सकाळच्या गाडीसाठी कोणीतरी पहाटे उठून भट्टी पेटवायची असते, कारण बॉयलर तापून वाफ धरायला काही तास लागतात. पगारी माणसेही तिथे आहेत, पण थोडी.

तेवढ्यात डब्यातून हाक आली. आईने खिडकीतून डोके बाहेर काढले होते आणि तिच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला होता. मी घाबरलो, पत्नी पाण्याची बाटली शोधू लागली, आमच्या डब्याची गार्ड असलेली बाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आली. आणि आईने कोणाकडेही लक्ष न देता पदराच्या टोकाची घट्ट पुरचुंडी केली, तोंडाजवळ नेऊन तिच्यावर दोनदा गरम श्वास सोडला, ती डोळ्यावर दाबून धरली आणि पापणी ओढून कण बाहेर काढला. पदरावरचा काळा ठिपका तिने गार्डबाईला दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या बऱ्याच वेळ त्या ठिपक्याबद्दल बोलत राहिल्या.

शेवटचे स्थानक नँट ग्वेर्नॉल. तिथे मोटार जात नाही, गाडीने किंवा पायीच पोचता येते. परत येताना अबरगनॉलविनला चहासाठी गाडी थांबते. तिथल्या बाकावर बसून आम्ही बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरात लाटलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दशमी इंग्लंडच्या हवेत दोन दिवस मऊ राहते, ही माहिती प्रवास करणाऱ्या खान्देशी मंडळींना उपयोगी पडेल.

पीजेचा विषय तिथेच निघाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि मग पुन्हा निघालीच नाही. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेज व्हायचे आहे आणि तो जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर जायचा आहे. ते व्हायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जामनेरच्या शेतकऱ्याला कापूस आणि पोराला शिकायला बाहेर पाठवायचे आहे, त्याने हौशी पाहुण्यांसाठी अडीच फुटी रुळांवर ताटकळत बसावे, असे म्हणणे हा शुद्ध उद्दामपणा होईल. टॅलिलिनला हा प्रश्नच नव्हता, तिच्यावर कोणाचे पोट उरले नव्हते. माझी खंत निराळी आहे. पहूर अजिंठ्याच्या वाटेवर आहे. आसपासचे पाच-सहा किलोमीटर रूळ, एक इंजिन आणि दोन डबे राखून ठेवा, असे म्हणणारे पन्नास लोक आपल्या तालुक्यांत निघायला हवे होते. शेवटच्या वर्षांत मी स्वतः त्या गाडीत किती वेळा बसलो, असे भावाने विचारले. मी मोटारसायकलने जात होतो, असे खरे उत्तर द्यावे लागले. गाडी बंद झाल्याचे वाचून हळहळ व्यक्त करणाऱ्यांत मात्र मी पहिला होतो.

टाऊइनला उतरल्यावर मी तिकीटखिडकीतून स्वयंसेवक होण्याविषयीचे माहितीपत्रक मागून घेतले. परतीच्या गाडीत चुकण्याची भीती नव्हती, कारण येताना दुभंगणारे डबे जाताना मखनथ्लेथला एकत्र जोडले जातात. आई खिडकीला टेकून झोपली होती, पदराचे काळे टोक तिच्या मुठीत होते. मी माहितीपत्रक उघडून पत्नीला वाचून दाखवू लागलो: इंजिने पुसणे, झुडपे तोडणे, फलाट रंगवणे, तिकिटे देणे. यातले मला काय जमेल, असे मी तिला विचारले.

ती म्हणाली, “अहो, आधी घरी जाऊन बैठकीतला पंखा पुसा. मग बघू.”