घंटा घुमत असताना घड्याळ टोले देत नाही

कॅथीड्रलमधल्या खुनाची हलकीफुलकी रहस्यकथा लिहायला घेतली तेव्हा वाटलं होतं, जड जाईल ती इमारत. इमारत लवकर आटोक्यात आली. गाडं अडलं ते घड्याळाच्या टोल्यांपाशी, आणि तिथे जितका वेळ गेला तितक्यात बाकीची अख्खी कथा लिहून झाली असती.

इमारतीचं आधी उरकतो. प्रत्येक मोठं चर्च म्हणजे कॅथीड्रल नव्हे. बिशपचं आसन जिथे असतं ते कॅथीड्रल. आराखडा बहुधा क्रूसासारखा असतो. पश्चिमेला मुख्य दार, पूर्वेला वेदी, उत्तर-दक्षिणेला दोन बाहू. हा नकाशा कागदावर काढून लिहिताना समोरच ठेवा, नाहीतर चौथ्या प्रकरणात पात्र भिंतीतून आरपार जातं. इंग्लंडमध्ये अशा ठिकाणी किल्ल्या सांभाळणाऱ्याला व्हर्जर म्हणतात. वाचकाचा पहिला संशय त्याच्यावरच जातो, म्हणून खुनी तो नसावा.

आता घंटा. माझा खुनी घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक. इंग्लंडमधल्या पद्धतीत घंटा चाकावर बसवलेली असते आणि दोर ओढला की तोंड वर असलेल्या स्थितीतून पूर्ण फेरी घेते. एका घंटेला एक माणूस. सात घंटांचे सगळे क्रम एकदाच वाजवायचे तर ७×६×५×४×३×२×१, म्हणजे ५०४० फेऱ्या होतात. आठवी, सगळ्यांत जड घंटा प्रत्येक फेरीच्या शेवटी येते. याला साधारण तीन तास लागतात. मधे माणूस बदलायचा नाही, थांबायचं नाही. आठही जण गोलाकार उभे, एकमेकांच्या हाताकडे नजर. एकाचा दोर चुकला तर खाली रस्त्यावरच्यालाही कळतं.

म्हणजे अ‍ॅलिबाय, खुनाच्या वेळी तो दुसरीकडे होता याचा पुरावा, पोलादी. मी त्यावर खूश होतो, आणि तीच चूक झाली, कारण तो फोडायचा कसा हेच सुचेना. ध्वनिमुद्रण लावलं? गोलातले सात जण काय बघत बसतील? सारखा दिसणारा दुसरा माणूस? वर्षानुवर्षं एकत्र दोर ओढणाऱ्यांना एकमेकांचा हात न बघताही ओळखू येतो. जिन्यावरून गुपचूप उतरणं? मनोऱ्याचा गोल जिना इतका अरुंद की दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. तीन मसुदे इथेच मेले.

वाट सापडली ती माझ्याच एका चुकीतून. एका साक्षीदाराच्या तोंडी वाक्य होतं: ‘आठचे टोले पडले आणि लगेच किंकाळी ऐकू आली.’ घंटा पावणेसातला सुरू झालेल्या, पावणेदहापर्यंत चालणाऱ्या. वाक्य कानाला गोड, पण अशक्य. घड्याळाचा हातोडा बाहेरून घंटेवर पडतो. घंटा पूर्ण फेरी घेत असताना तो जागेवर राहिला तर फिरणारी घंटा त्यावर आदळते. हातोडा मोडतो, घंटेलाही तडा जाऊ शकतो. म्हणून वाजवण्याआधी खालच्या खोलीतून एक तार ओढून आकड्याला अडकवतात, की हातोडा मागे खेचलेला राहतो. तितका वेळ घड्याळ चालतं, काटे फिरतात, पण टोला पडत नाही. त्या संध्याकाळी सात, आठ, नऊ, तिन्हींचे टोले पडलेच नव्हते.

वाक्य खोडायला गेलो आणि हात थांबला. चूक माझी कशाला, साक्षीदाराची असू दे. तो खोटं बोलतोय. खून आधीच झालाय: संध्याकाळची प्रार्थना साडेपाचला सुरू होऊन सव्वासहाला संपते आणि घंटा पावणेसातला, त्या मधल्या अर्ध्या तासात. साक्षीदाराने वेळ आठवर ढकलली ती खुन्याला वाचवायला. दोन महिने छळणारी गाठ एका तारेने सुटली तेव्हाचा आनंद अजून ताजा आहे.

डॉक्टरला मात्र सांभाळा. त्याच्या तोंडी नेमकी वेळ घालू नका. थंड दगडी फरशीवर शरीर लवकर गार पडतं आणि ताठरपणा उशिरा येतो, त्यामुळे त्याने तीन-चार तासांचा पल्ला सांगितला तरच खरं वाटतं, आणि तोच पल्ला खोट्या वेळेला जागा देतो.

तार वाचकाला आधी दिसायलाच हवी, नाहीतर ती फसवणूक होईल. तिसऱ्या प्रकरणात वाजवणाऱ्यांची ओळख करून देताना एक जण बोलता बोलता तार आकड्याला लावतो. तांब्याचा आकडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेला, खाली खडूने लिहिलेलं, ‘सोडायला विसरू नका’. एवढंच. शेवटी ती सोडायची विसरतात आणि दहाला टोला पडत नाही, हे व्हर्जर सहज बोलून जातो. गुप्तहेराला तिथे खटकतं.

एक तपासायचं राहू नये. काही ठिकाणी घड्याळाची घंटा वेगळीच टांगलेली असते. तसं असेल तर सगळी युक्ती कोसळते, म्हणून घड्याळ वाजवण्यातल्याच जड घंटेवर टोले देतं, हे पहिल्या दोन प्रकरणांतच सांगून टाका.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: कॅथीड्रलमध्ये आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. लांबून कुणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द कळत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या टोकाला उभ्या साक्षीदाराला संभाषण शब्दशः ऐकवू नका. आवाज चढलेला होता, की दबका, आणि माणसं एक की दोन, एवढंच त्याला सांगू द्या.