तुम्ही विचारलंत म्हणून : पाचगणीच्या शाळेत ‘तसलं’ चालतं का?

मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत मराठी शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे होती, हे साताऱ्यात कुणाला कळले की समोरची व्यक्ती आधी तिथल्या थंडीची चौकशी करते आणि मग आवाज थोडा खाली आणून मूळ मुद्द्यावर येते : “काय हो मॅडम, मोबाईलवरच्या त्या मालिकांत दाखवतात तसलं खरंच चालतं का तिथं? बड्या घरची पोरं, त्यांची लफडी, एकमेकांचे पाय ओढणं?” विचारणाऱ्यांत लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायका असतात, तसेच मुलाला पाचवीत तिकडे घालावे की नाही या विचारात पडलेले कऱ्हाड-फलटणकडचे आईबापही असतात. पहिल्यांना ‘हो’ ऐकायचे असते आणि दुसऱ्यांना ‘नाही’. उत्तर ‘हो’ असेच आहे. प्रेम असते, चुरस असते आणि दगाही असतो. फक्त तो दगा कशापोटी होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या मालिका बघून कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

साताऱ्यात वसतिगृह म्हटले की धनिणीची बाग आठवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळालेल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत, आणि घरी राहून शिकणे शक्य नव्हते म्हणूनच ती तिथे आलेली असत. वाईहून पसरणीचा घाट चढून वर गेले की कारण बदलते. तिथे येणाऱ्या मुलाच्या घरी सगळे असते, वेळ तेवढा नसतो. आईवडील दुबईला असतात, नाहीतर विभक्त झालेले असतात, नाहीतर मुंबईत असूनही रात्री दहाच्या आत घरी पोहोचत नाहीत. झांजिबारहून आठव्या वर्षी सेंट पीटर्समध्ये दाखल झालेला फरोख बलसारा, म्हणजे जगाला पुढे माहीत झालेला फ्रेडी मर्क्युरी, हा पाचगणीकरांच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असावाही. मला मात्र त्या गोष्टीत आठ वर्षांचे पोर आणि समुद्र ओलांडून मागे राहिलेले घर हेच आधी दिसते.

अशा मुलाला पहिल्या सहामाहीत जो मित्र मिळतो, तो नुसता मित्र राहत नाही. शेजारच्या खाटेवरचा तो मुलगा रात्रीचे रडणे ऐकतो आणि सकाळी कुणाला सांगत नाही, घरून आलेला खाऊ त्याच्याबरोबर वाटून खाल्ला जातो, सुट्टीत कुणीच न्यायला आले नाही तर त्याच्याच गाडीतून त्याच्याच घरी जायचे असते. आईवडील, भावंडे आणि शेजारपाजार या सगळ्यांची जागा तो एकटा भरून काढतो. पुढचे सगळे समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे लागते.

पैसा मात्र शाळेत फारसा दिसत नाही, आणि याचे बाहेरच्यांना नवल वाटते. गणवेश एकच, भोजनगृहातली आमटी एकच, हातखर्चही शाळेच्या खात्यातून सगळ्यांना सारखाच मिळतो. बूट आणि चष्म्याच्या काड्या यांवरून जाणकारांना काय ते कळते, पण वडिलांच्या पैशाने तिथे रोजचा मान मिळत नाही. त्यामुळे चुरस लागते ती ज्या गोष्टी विकत मिळत नाहीत त्यांच्यासाठी : हाउस कॅप्टनची पट्टी, हेड बॉयचा बिल्ला, फुटबॉल संघातली जागा. पत्र्याच्या त्या बिल्ल्यासाठी मोठमोठ्या व्यावसायिकांच्या मुलांना मी रात्ररात्र जागताना पाहिले आहे.

प्रेमाचे म्हणाल तर ते बहुधा आम्हाला धोब्याच्या गाठोड्यातून कळायचे. प्रत्येक मुलाच्या कपड्याला आतून एक कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर त्याचा क्रमांक असतो. जून ते सप्टेंबर पाचगणीत असा पाऊस असतो की दोरीवरचा स्वेटर आठवडा झाला तरी ओलाच राहतो, आणि मग ‘माझा वाळला नाही’ या निमित्ताने कुणाचा तरी स्वेटर कुणाच्या तरी अंगावर जातो. मुलींच्या धुलाईत मुलाचा क्रमांक निघाला की वसतिगृहाची देखरेख करणारी आमची मेट्रन तो स्वेटर घडी घालून बाजूला ठेवायची आणि माझ्याकडे पाहायची. बोलणे मोजकेच व्हायचे. यातली बहुतेक प्रकरणे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आपोआप विरतात, आणि ती विरू द्यावीत असे माझे मत होते व आहे. टेबललँडच्या पठारावर सगळ्या वर्गाच्या घोळक्यात दहा पावले मागे राहून चालणे, ग्रंथालयात समोरासमोर बसून एकही पान न उलटणे, यापलीकडे त्यांची मजल क्वचितच जाते.

जे प्रकरण विरले नाही, ते सांगते; ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. अकरावीत दोन मुले होती, पाचवीपासून शेजारच्या खाटांवर वाढलेली. एक पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकाचा, दुसरा सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा. हेड बॉयसाठी दोघांचीही नावे चर्चेत होती आणि त्यावरून ते एकमेकांची उघड थट्टा करत असत. पुण्याच्या मुलाचे मुंबईच्या एका मुलीशी जुळले होते. मोबाईलला बंदी होती, म्हणजे सत्राच्या सुरुवातीला तो कार्यालयात जमा करायचा. मुले घरातला एखादा बंद पडलेला जुना फोन जमा करत आणि खरा स्वतःजवळ ठेवत. या मुलाचा खरा फोन भिलारच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या दहावीतल्या एका डे-स्कॉलरकडे असे. त्याच्या घरची स्ट्रॉबेरीची शेती होती आणि आपल्या मुलाने या शाळेत शिकावे म्हणून वडिलांनी काय काय केले असेल, ते मी शुल्काचा आकडा ठाऊक असल्यामुळे ताडू शकते. तो संध्याकाळी फोन घरी नेऊन चार्ज करी आणि सकाळी दप्तरातून परत आणी. बदल्यात त्याने पैसे घेतल्याचे कुणीच म्हटले नाही. त्याला मोठ्या मुलांच्या टेबलावर जेवायला बसायला मिळत होते.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात सूचनापेटीत एक निनावी चिठ्ठी पडली. तिच्यात वार, तास आणि दप्तराचा कप्पा एवढेच होते. दप्तर उघडले, फोन सापडला, संदेश वाचले गेले. अक्षर वळणे बदलून काढलेले होते, तरी कुणाचे ते मी ओळखले. वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्याला ते जमते. मुलांनाही संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासापर्यंत नाव ठाऊक झाले होते.

इथे ऐकणारा हमखास विचारतो की दुसऱ्यालाही तीच मुलगी आवडत होती का. मुळीच नाही. बिल्ला हे कारण होते, पण तेही पुरते नव्हे. पुढे काही महिन्यांनी वर्गात एकटाच मागे थांबला असताना सांगलीचा तो मुलगा न विचारताच बोलला, “मिस, तो रविवारीसुद्धा माझ्याबरोबर यायचा बंद झाला होता.” सहा वर्षे ज्याच्या आधाराने काढली, तो आता आपले गुपित दुसऱ्या कुणाला तरी सांगतो, आणि ते गुपित सांभाळायला तिसराच कुणी ठेवला आहे, हे त्याला सोसले नाही. ज्या दग्याला लोक प्रेमाचा त्रिकोण समजतात, त्याच्या मुळाशी मला बहुतेक वेळा अशी मोडलेली मैत्रीच आढळली आहे.

मुलांचे प्रकरण इथवर असते. त्यानंतर मोठी माणसे येतात, आणि त्यांच्याबरोबर पैसाही. शाळा घाबरली, त्याला कारणही होते. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची किंवा मुलीची संमती ही संमतीच धरली जात नाही, गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा ठरतो, आणि संमतीचे हे वय खाली आणू नये असेच विधी आयोगाने २०२३ मध्येही सुचवले. त्या फोनमध्ये कायद्याच्या कक्षेत येईल असे काहीही नव्हते. शाळेच्या वकिलांनीच तसे सांगितले. तरीही तो धाक बैठकीत शेवटपर्यंत बसून राहिला. पुण्याहून वडील आपला वकील घेऊन आले आणि मुलाची थोड्या दिवसांपुरती घरी रवानगी झाली, कॅप्टनची पट्टी गेली. मुलीला तिच्या आईवडिलांनी आपणहून नेले आणि मुंबईत दुसऱ्या शाळेत घातले. डे-स्कॉलरच्या वडिलांकडे वकील नव्हता. बंदी असलेली वस्तू बाळगल्याबद्दल त्याला शाळेतून काढून दाखला द्यायचे ठरले.

याला मी बैठकीत विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेतला. आमच्याकडे दहावीला राज्य मंडळाची नव्हे, आयसीएसईची परीक्षा असे, आणि तिची नोंदणी नववीतच होते. मधल्या काळात शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी लागते, आणि त्याच्या गावाकडच्या शाळांत राज्य मंडळाचा अभ्यासक्रम. परीक्षेला बसू देऊ, वर्गात मात्र येऊ देणार नाही, ही त्यावर काढलेली तोड. तो घरी बसून शिकला, परीक्षेला आला, उत्तीर्णही झाला. सांगलीचा मुलगा हेड बॉय झाला, आणि काही आठवडे भोजनगृहात त्याच्या शेजारची खुर्ची कुणी ओढली नाही. वर्षाच्या आत मात्र त्या दोघा मित्रांचे पुन्हा जुळले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांना दोघेही येतात. ती मुलगी आणि तो डे-स्कॉलर यांना निमंत्रण जात नाही, कारण त्यांनी तिथून बारावी केलेली नाही.

तेव्हा पाचवीत घालू की नको असे विचारणाऱ्या आईबापांना मी हो किंवा नाही सांगत नाही. शाळा बघायला जाल तेव्हा पोहण्याचा तलाव आणि घोडे दाखवून झाले की मुख्याध्यापकांना एवढे विचारा, असे सांगते : मागच्या काही वर्षांत शिस्तभंगासाठी ज्यांना दाखला दिला, त्यांत निवासी किती, डे-स्कॉलर किती आणि कर्मचाऱ्यांची मुले किती? आकडे लगेच दिले तर पुढचे बोलणे करा. आणि मुलाला ठेवून परत निघताना शेजारच्या खाटेवर कोण आहे, त्याचे नाव विचारून घ्या. पत्रात, फोनवर त्याचीही चौकशी करत जा, आणि ते नाव मुलाच्या बोलण्यातून अचानक नाहीसे झाले तर शनिवारची वाट न बघता घाट चढून या.