आमची वाटचाल : पाईपचा डबा ते सिगारचं कपाट

वडिलांनी 1978 ला पुण्यात कॅम्पात दुकान टाकलं तेव्हा सिगरेटींच्या मागच्या फळीवर पाईपच्या तंबाखूचे चार-पाच डबे असायचे आणि आमचं नाव झालं ते त्या डब्यांवर. रिटायर्ड मिलिटरीवाले, प्राध्यापक असे लोक यायचे, डबा उघडून आधी वास घ्यायचे मग चिमूटभर बोटात चुरून बघायचे, कोरडी लागली की डबा परत. वडील कधी हुज्जत घालत नसत.

तेव्हा पाईपच परवडायचा. 50 ग्रॅमच्या डब्यात पंधरा-सोळा वेळा पाईप भरतो, सिगार मात्र एक पेटवली की तासाभरात खल्लास. आमच्याकडे त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे तमिळनाडूतल्या त्रिचीचे चिरूट (देशी सिगार), बाकी परदेशी सिगार कोणी ऑर्डर दिली तरच मागवायचो.

हे सगळं फिरलं जुलै 2017 ला. जीएसटी दोन्हीवर 28 टक्केच होता, पण सेस (जीएसटीच्या वर लागणारा वेगळा कर) बघा, पाईपच्या तंबाखूवर 290 टक्के आणि सिगारवर 21 टक्के किंवा हजार नगांना 4170 रुपये, जे जास्त होईल ते. म्हणजे 100 रुपयांची पाईप तंबाखू टॅक्ससकट 418 ला आणि 100 रुपयांची सिगार 149 ला. त्या रात्री मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पुढे आमच्या डिलरने पाईपचा माल मागवणंच सोडलं, त्यात 2018 ला डनहिल या नावाजलेल्या ब्रँडचे पाईप तंबाखूचे डबे कंपनीनेच बंद केले (त्यातली बरीच मिश्रणं नंतर पीटरसन या दुसऱ्या ब्रँडच्या नावाने आली पण आमच्या फळीवर नाही आली). 2023 ला सेस छापील किमतीवर मोजायला लागले, तोवर जुनं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

मग सिगारकडे वळलो. पहिल्याच उन्हाळ्यात एक पेटी उघडली तर सिगारींना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि तळाशी बारीक भुगा, किडा पडला होता, अख्खी पेटी फेकली. तंबाखूचा किडा उकाड्यात अंड्यातून बाहेर येतो हे तेव्हा कळलं. आता नवीन माल पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरला, एक दिवस फ्रीजमध्ये आणि मगच देवदारच्या कपाटात, आत ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या मधे, एप्रिलमधे पाण्याची बाटली जवळच ठेवावी लागते. 2022 ला कोहिबा या क्युबाच्या सिगारचे भाव जगभर चढले तेव्हा तीही गिऱ्हाइकं कमी झाली, तरी सिगार मिळते तरी, पाईपचं तसं नाही.

पाईपवाले आता परदेशातल्या मुलांकडून डबे मागवतात, येताना सामानात आणले तर कस्टम 125 ग्रॅमपर्यंत तंबाखू किंवा 25 सिगारपर्यंत ड्युटी न लावता सोडतं. एक कर्नलसाहेब आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे, मुलगा लंडनहून डबा आणतो पण ते घरी फोडत नाहीत, काउंटरवर घेऊन येतात, झाकण उघडून आधी माझ्यासमोर धरतात आणि मग पाईप क्लिनरचं एक पाकीट घेऊन जातात.