तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अंधुक ताऱ्यात काय बघता?

शनीची कडी बघून झाली की मी दुर्बीण हंस तारकासमूहाकडे वळवतो आणि ६१ सिग्नी हा तारा दाखवतो. बघणारा क्षणभर डोळा लावतो, बाजूला होतो आणि विचारतो, "यात बघण्यासारखं काय आहे?" दिसतात ते फक्त दोन नारिंगी ठिपके, हे खरंच आहे.

आधी तो सापडवायला शिका. हंसाच्या शेपटीतला डेनेब, छातीतला सद्र आणि पूर्वेकडच्या पंखातला गिएना हे तीन ठळक तारे घ्या. समांतरभुज चौकोन पुरा करणारा चौथा कोपरा जिथे येईल, तिथे हा. पाचव्या प्रतीचा, म्हणजे बराच फिका असल्यामुळे चांगल्या काळोखातच नुसत्या डोळ्यांना जाणवतो. जवळच त्याच्याहून ठळक टाउ सिग्नी आहे. सुरुवातीला कित्येक रात्री मी त्यालाच ६१ समजून बघत होतो. दुर्बिणीत जोडी दिसेना, तेव्हा चूक कळली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. ठळक तारा जवळचा आणि फिका तारा लांबचा, असं आपण सहज धरून चालतो. डेनेब हजाराहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे आणि तरीही झगमगतो. आकाशात त्याच्याजवळ दिसणारा हा फिकुटला तारा फक्त ११.४ प्रकाशवर्षांवर आहे! तो जवळ असल्याचा सुगावा लागला तो त्याच्या चालीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन खगोलशास्त्रज्ञ पिआत्सीच्या लक्षात आलं, की हा तारा आकाशात विलक्षण वेगाने सरकतो आहे. वर्षाला सुमारे ५.२ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे साधारण साडेतीनशे वर्षांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा. याला निजगती म्हणतात. लांबून जाणारं विमान संथ वाटतं आणि डोक्यावरून जाणारा पक्षी झर्रकन जातो, तसंच हे.

अंतर मोजण्यासाठी तारा निवडताना जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने विश्वास ठेवला तो या चालीवर, तेजावर नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित झुलताना दिसायला हवा. हाताचं बोट एकदा एका डोळ्याने, एकदा दुसऱ्याने बघितलं की सरकतं, तेच हे. याचं नाव पराशय; तो कोन मोजला की ताऱ्याचं अंतर काढता येतं. प्रशियातल्या क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेत, भिंग मधोमध कापून बनवलेल्या फ्राउनहोफरच्या हेलिओमीटरने, म्हणजे बारीक कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, त्याने वर्षाहून जास्त काळ मोजमापं घेतली आणि १८३८ मध्ये उत्तर जाहीर केलं: ०.३१४ विकला. पन्नास मीटरवरून केसाची जाडी दिसेल, जवळपास तेवढा हा कोन. आजचं मोजमाप ०.२८६ आहे. सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर माणसाच्या हाती आलं, ते इथे पहिल्यांदा. मला तरी आकाशातली याहून मोठी जागा माहीत नाही.

ही जोडी सूर्यापेक्षा लहान आणि थंड ताऱ्यांची आहे, म्हणून नारिंगी. एकमेकांभोवतीची एक फेरी पुरी करायला त्यांना साडेसहाशेहून अधिक वर्षं लागतात. ते फिरणं मला दिसणार नाही. सरकणं मात्र दिसलं. बारा वर्षांपूर्वी मी दोन्ही ठिपके आणि शेजारचे अंधुक तारे यांचं चित्र वहीत काढलं होतं. गेल्या वर्षी पुन्हा काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. शेजारी जागच्या जागी होते. जोडी मात्र दोघांमधल्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट, ईशान्येकडे गेली होती.

पुढच्या वेळी दुर्बिणीपाशी आलात, की आधी ती दोन्ही पानं तुमच्या हातात देईन.